मुकें यंत्र आणि मधला खांब

या सदरांत आम्हीं आजवर घरगुती उद्योगांविषयीं पुष्कळ लिहिलें. परंतु हातीं घेतलेला उद्योग फसला तर काय करावें, याविषयीं लिहिण्याचें मात्र आम्ही बहुधा टाळीत आलों. एका वाचकभगिनीनें नुकतेंच आम्हांस विचारलें आहे कीं, मुलानें हट्टानें बिनतारी यंत्राचे सुटे भाग मागविले, पंधरा दिवस खपून ते जोडले, आणि आतां यंत्र बोलत नाहीं म्हणून तोही कोणाशीं बोलत नाहीं. अशा वेळीं आईबापांनीं काय करावें? पत्र वाचून आम्हांस प्रथम हसूं आलें. पण लगेच आमच्याच घरांतील हकीकत आठवली आणि तें ओसरलें. ती हकीकत सांगणें हेंच या प्रश्नाचें उत्तर आहे.

सुट्या भागांचा संच विकत घेऊन यंत्र घरीं जुळविण्याची चाल कांहीं नवी नव्हे. दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंत लष्कराचें उरलेलें सामान स्वस्तांत विकावयास निघालें. त्याच्या आधारावर मिशिगन संस्थानांतील हीथ कंपनीनें १९४७ सालीं घरीं जुळवावयाचा ऑसिलोस्कोप बाजारांत आणला, आणि पुढें १९९२ पर्यंत हीथकिट या नांवानें असे संच घरोघर गेले. आपल्याकडे हैदराबादचे अश्हर फरहान यांनीं या शतकाच्या आरंभीं बिटेक्स नांवाच्या यंत्राची रचना प्रसिद्ध केली. साध्या, स्वस्त ट्रान्झिस्टरांवर चालणारी ती रचना देशोदेशींच्या हौशी मंडळींनीं उचलून धरली. तेव्हां असल्या संचांत आपल्या मुलांनीं डोकें घातलें, तर तें पोरखेळ म्हणून उडवून देण्याजोगें नाहीं.

आमचा पुतण्या सतरा वर्षांचा. हौशी बिनतारी चालकांसाठीं सरकार जी परीक्षा घेतें, ती तो गेल्या वर्षीं उत्तीर्ण झाला व त्यानें रीतसर परवाना मिळविला. परवान्यावांचून प्रेषक यंत्र चालविणेंच काय, तें बाळगणेंही आपल्या देशांत गुन्हा आहे. म्हणून ज्या घरीं ही हौस उपजेल, तेथें पहिली खरेदी यंत्राची नसून अभ्यासाच्या पुस्तकाची असावी. परवाना हातीं येतांच मुंजीच्या भिक्षावळींतून साठविलेले पैसे काढून त्यानें ७ मेगाहर्ट्झवर चालणारा पांच वॉटचा संच मागविला. पांच वॉट म्हणजे लहानशा एलईडी दिव्यास लागते तेवढी शक्ति. पण तेवढ्यावर शेंकडों मैलांवरील माणसाशीं बोलतां येतें, हेंच तर या विद्येचें नवल.

दोन रात्रींत त्यानें सारे भाग डाखून काढले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं घरांतील सर्व मंडळींस बोलावून त्यानें बटण दाबलें. कर्ण्यांतून बारीक खरखर आली. माणसाचा शब्द मात्र येईना. बटणें फिरवून पाहिलीं, तार हालवून पाहिली, पण उपयोग झाला नाहीं. मग जें अननुभवी मनुष्य नेहमीं करतो, तेंच त्यानें केलें. संशय येईल तो भाग उपटावयाचा आणि दुसरा बसवावयाचा! तीन ट्रान्झिस्टर बदलले. चौथा काढतांना अति तापल्यामुळें पाटीवरील तांब्याची पट्टीच उचकटून आली. त्याचे वडील, म्हणजे आमचे धाकटे बंधु, रागानें म्हणाले, "पैसे पाण्यांत गेले." तें त्यास फार लागलें. डबा माळ्यावर गेला, आणि आठ दिवसांनीं त्यानें आईला सांगितलें कीं, 'यंत्रांची विद्या आपल्या हातून होणार नाहीं. इंजिनियरिंगचा अर्ज भरूं नका.' एका मुक्या डब्यावरून मुलगा आपल्या सगळ्या आयुष्याचा निकाल लावूं पाहत आहे, हें पाहून वहिनींच्या तोंडचें पाणी पळालें.

आमचे थोरले काका, ज्यांना घरांत सारेच अण्णा म्हणतात, ते नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. अडतीस वर्षें त्यांनीं तारखात्यांत काढलीं. १४ जुलै २०१३ रोजीं आपल्या देशांतील तारसेवा कायमची बंद झाली, त्या दिवशीं ते जेवले नव्हते. तेव्हांपासून त्यांचें बोलणेंही कमी होत गेलें. पडवींतल्या झोंपाळ्यावर बसून राहावयाचें, कोणी विचारलें तर हूं म्हणावयाचें, एवढेंच. त्यांनीं एके दिवशीं पुतण्यास हांक मारली.

"बाळ, तुझी तार कुठवर चालू आहे?"

"अण्णाआजोबा, कुठेंच चालू नाहीं."

"असें कधीं होत नसतें. पुण्याची तार साताऱ्यास पोंचली नाहीं, तर आम्ही काय वाटेतले सगळे खांब चढत होतों? आधीं शिरवळला विचारायचें, तुमच्यापर्यंत येते का. तो हो म्हणाला, तर दोष शिरवळच्या पुढें. नाहीं म्हणाला, तर अलीकडे. अर्धी वाट एका प्रश्नांत सुटली. उरलेल्या वाटेच्या मधल्या खांबाला मग पुन्हा तोच प्रश्न."

वाचकांनीं हिशेब करून पाहावा. चौसष्ट खांबांपैकीं एकावर तार तुटली असेल, तर आरंभापासून एकेक चढत जाणाऱ्यास कदाचित् सारे चढावे लागतील. मधल्या खांबास विचारणाऱ्यास सहा प्रश्न पुरे होतात. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या रीतींत कांहीं उपटावें लागत नाहीं. फक्त विचारावें लागतें.

त्याच संध्याकाळीं डबा माळ्यावरून खालीं आला. या यंत्राचा प्रवास थोडक्यांत असा. एरियलवर येणारी लहर सेकंदास सुमारें ७० लक्ष आंदोलनें करते. तिलाच ७ मेगाहर्ट्झ म्हणतात. यंत्रांत ५ मेगाहर्ट्झची दुसरी लहर उत्पन्न केलेली असते. दोहोंचें मिश्रण केलें म्हणजे सात आणि पांच मिळून बारा होतात. १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकांची चाळणी तेवढीच अरुंद पट्टी पुढें जाऊं देते. मग पुन्हा १२ मेगाहर्ट्झच्या लहरीशीं तिची गांठ घातली कीं, बाकी राहतो तो कानास ऐकूं येणारा आवाज. आणि तो वाढवून कर्ण्यांत सोडला जातो. पुणें एरियल, सातारा कर्णा, आणि मधें हीं ठाणीं.

पहिला प्रश्न विजेचा. बॅटरीचे बारा व्होल्ट पाटीवर पोंचतात का? मल्टिमीटर लावला, पोंचत होते. दुसरा प्रश्न आवाज मोठा करणाऱ्या भागास. आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोंकास पेंचकसाचें टोंक लावून त्यास बोट टेकविलें, तों कर्णा घुर्र करूं लागला. म्हणजे तेथून पुढें वाट मोकळी होती. ज्या ट्रान्झिस्टरांचे बळी गेले, ते सारे याच निर्दोष भागांतले होते! (बारा व्होल्टांच्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांतच बोट लावण्याचें हें धाडस करावें, घरच्या मुख्य विजेवर चालणाऱ्या यंत्राचें झाकण मुलांनीं कधींही उघडूं नये.)

तिसरा प्रश्न आंत उत्पन्न होणाऱ्या दोन लहरींस. त्या निघतात कीं नाहीं हें पाहण्यास महागडें साधन लागलें नाहीं. घरांतील जुना शॉर्टवेव्ह रेडिओ पाटीजवळ ठेवून तो १२ मेगाहर्ट्झवर लावला, तेव्हां त्याची खरखर एका जागीं एकदम दबली. याचा अर्थ तेथें लहर आहे. मग ५ मेगाहर्ट्झच्या आसपास कांटा सावकाश फिरविला. खरखर कोठेंच दबेना. सातांत मिळवावयास पांचच नव्हते, मग बारा कोठून होणार?

आतां शोध करंगळीएवढ्या जागेंत आला. त्या जागीं एका लहानशा वलयावर तांब्याच्या तारेचे वेढे घेतलेली कॉइल होती. तिच्या दोन टोंकांस मल्टिमीटर लावला, तर वाट बंद! इनॅमलची तार दिसते तांब्यासारखी, पण तिच्यावर वार्निशासारखा लेप असतो व त्यांतून वीज जात नाहीं. टोंकें खरवडून उघडीं केल्यावांचून डाख दिला, तर तो वर चकचकीत बसतो आणि आंत तार अस्पर्श राहते. पुतण्यानें पात्यानें दोन्ही टोंकें खरवडलीं, आधीं त्यांवर कथलाचा हात फिरविला, आणि मग आयर्ननें सांधा तापवून त्या सांध्याच्या उष्णतेनें डाख वितळूं दिला. उचकटलेल्या पट्टीच्या जागीं तारेचा तुकडा जोडला. पुन्हा बटण दाबलें. सायंकाळचे सात वाजले होते. खरखरींतून एक गृहस्थ कन्नडमध्यें पावसाची चौकशी करीत असलेले स्पष्ट ऐकूं आले. पावसाविषयींचें इतकें गोड बोलणें आमच्या घरांत पूर्वीं कोणीं ऐकलें नसेल.

पुढची अडचण एरियलची. या लहरीची लांबी सुमारें ४२ मीटर. म्हणून मधोमध तोडलेली वीस मीटर तार, म्हणजे दोहों बाजूंस तेहतीस-तेहतीस फूट, उंचावर ताणावी लागते. आमच्या गच्चीवर तेवढ्याच लांबीचा हक्क वहिनींच्या वाळवणाचा व धुण्याच्या दोरीचा. वहिनींनीं अट घातली कीं, तार माणसाच्या डोक्याहून चार हात वर हवी व कुरडयांवर तिची सांवलीसुद्धां पडतां कामा नये. बांबू आणून तार बांधावयास गच्चीवर कोण चढलें, तर पैसे पाण्यांत गेले म्हणणारे आमचे बंधुच! विजेच्या खांबापासून तार दूर ठेवावी आणि वादळाच्या दिवसांत ती यंत्रापासून सोडवून ठेवावी, एवढें त्यांनीं मुलाकडून वदवून घेतलें.

बोलण्यापूर्वीं आणखी एक पथ्य. एरियल किंवा तत्सम भार जोडल्यावांचून प्रेषण केलें, तर शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याचा संभव असतो. म्हणून २०० ओहमांचे, दोन वॉटांचे चार रेझिस्टर समांतर जोडून ५० ओहमांचा भार करावा व पहिली परीक्षा त्यावर घ्यावी. शक्ति तेथेंच उष्णता होऊन जिरते. शेजाऱ्यापाजाऱ्यांस उपद्रव होत नाहीं. त्यानंतर एरियल लावावी, आधीं पुष्कळ ऐकावें, जागा मोकळी आहे का असें विचारावें, आणि मगच आपलें नांव पुकारावें. दुसऱ्याचें बोलणें तोडूं नये हा घरांतला शिष्टाचार आकाशांतही लागू आहे.

या लहरींचें मोल आपल्या देशानें अनुभवलेलें आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंतून गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालविला, तो ४२.३४ मीटरांवर, म्हणजे आमचा पुतण्या आज जेथें पावसाच्या गोष्टी ऐकतो त्याच पट्ट्यांत. आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनें अंदमानांतील दळणवळण तुटलें, तेव्हां हौशी केंद्र चालविण्यास तेथें गेलेल्या भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपल्या यंत्रांवरून लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोंचविले. त्या दिवशीं उपयोगी पडलें तें यंत्र आणि तें बिघडलें तर दुरुस्त करतां येण्याची विद्या.

आतां अण्णांचें राहिलें. एके रात्रीं यंत्रांत मोर्सची टीटी ऐकूं आली. आम्हांस वाटलें, अण्णा आतां घडाघड वाचतील. त्यांनीं कान दिला आणि मान हलविली. त्यांस एक अक्षर लागेना! आयुष्यभर ते तारयंत्राच्या लोखंडी दांडीची टकटक ऐकत आले. तेथें दोन ठोक्यांमधलें अंतर वाचावयाचें असतें. येथें सुराची लांबी. त्यांचा चेहरा उतरला. तेव्हां पुतण्या म्हणाला, "अण्णाआजोबा, कुठवर चालू आहे तेवढें सांगा. एकेक अक्षर विचारूं." आणि तो रोज जेवणानंतर सरावाच्या बटणावर सावकाश एकेक अक्षर वाजवूं लागला. कान मंद झालेल्या म्हाताऱ्यास बोलणें कळत नाहीं, पण एकच बारीक सूर कळतो, हें आम्हांस तेव्हां समजलें. पंधराव्या दिवशीं अण्णांनीं पेन्सिल मागितली.

त्या वाचकभगिनीस आमचें सांगणें इतकेंच. मुलास यंत्र नवें घेऊन देऊं नका व टाकूनही देऊं नका. 'कां चालत नाहीं?' असें विचारूं नका. त्या प्रश्नानें मुलगा खचतो. 'कुठवर चालतें?' असें विचारा. त्याचें कांहीं तरी उत्तर नेहमींच असतें, आणि त्या उत्तरापासून पुढची वाट अर्धीच उरते. परीक्षेंत नापास झालेला मुलगा, मोडलेला व्यवसाय, अबोला धरलेलें माणूस, यांनाही हाच प्रश्न लागू पडतो असा आमचा अनुभव आहे.

इंजिनियरिंगचा अर्ज भरून झाला. पुतण्याच्या पहिल्या हांकेस उत्तर आलें तें बेळगांवाहून. आणि झोंपाळ्यावरून अण्णा आतां रोज दिवेलागणीस विचारतात, "बाळ, तार आली का?"