आधी हिशेब, मग पिंजरा

सापासाठी उंदीर घरीच वाढवावेत का, या वादात सगळे वासावर आणि खर्चावर बोलतात. आमच्या मते खरा प्रश्न संख्येचा आहे. मादी विसेक दिवसांत विते, एका विणीत सहा ते बारा पिल्ले देते आणि व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत पुन्हा गाभण राहू शकते. एक नर, दोन माद्या ठेवल्या की महिन्याला पंधरा-वीस पिल्ले धरून चाला. पूर्ण वाढीचा कॉर्न स्नेक मात्र दहा-पंधरा दिवसांनी एक मोठा उंदीर खातो. म्हणजे एकाच सापाच्या पालकाकडे महिन्याला डझनभर उंदीर उरणार, आणि चौथ्या आठवड्यात नर-मादी वेगळे केले नाहीत तर तेही थोड्याच दिवसांत विणीला लागणार. मूळ नर बाजूला काढून वीण थांबवता येते, हे खरे. पण वाढते नर एकत्र ठेवले की एकमेकांना फाडतात, त्यांना जागा कुठून आणणार?

उरलेले मारावे लागतात, आणि इथेच बहुतेकांची तयारी संपते. कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडून मोठा उंदीर मारता येतो. पण नवजात पिल्लांना कमी ऑक्सिजन सोसतो, त्यांना त्याच वायूने मरायला पाऊण तासही लागू शकतो. जिवंत पिंकी, म्हणजे ही नवजात पिल्ले, घरच्या फ्रीजरमध्ये टाकणे हा उपाय नव्हे, क्रूरपणा आहे. ‘शेवटी खाद्यच ना’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जिवंत सोडलेला उंदीर न खाणाऱ्या सापाला चावून गंभीर जखमा करतो.

मग पर्याय उरतो विकतच्या गोठवलेल्या उंदरांचा. त्यांचा भरवसा काय, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतून पुरवलेल्या अशा उंदरांमुळे तिथे आणि ब्रिटनमध्ये माणसांना साल्मोनेलाची लागण झाल्याचे २०१० मध्ये उघड झाले. गोठवल्याने हा जिवाणू मरत नाही. पण तो घरच्या उंदरांतही असू शकतो. हात धुणे आणि स्वयंपाकघराचा फ्रीज न वापरणे दोन्हीकडे सारखेच लागते. खाद्याचा दर्जा हाती राहतो, हा घरच्या विणीचा एकच खरा फायदा. तो मोठ्या संग्रहाला परवडतो.

म्हणून एक-दोन साप असणाऱ्यांनी वीण सुरू करू नये. गोठवलेले उंदीर मिळत नसतील, तर शहरातल्या चार-पाच पालकांनी मिळून एकाच अनुभवी माणसाकडे ती सोपवावी आणि मारण्याची रीत पशुवैद्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.