कुर्ल्याचा बर्फ की कुर्ल्याचा दगड?

पावसाळ्यात मुंबईत पाहुणा उतरला की यजमानाच्या तोंडी दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "अहो, चुकीच्या वेळी आलात." आणि पाहुण्याने छत्री मिटायच्या आत दुसरं, "या पावसात कुठे नेणार तुम्हाला? मॉलला जाऊन येऊ." माझं भांडण मुख्यतः दुसऱ्या वाक्याशी आहे, पण पहिल्यालाही सोडणार नाही.

पावसाळ्यात मुंबईत येतं कोण, ते आधी बघू. हौसेने फिरायला येणारा मे महिन्यात येतो, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. जुलैत येतो तो काम घेऊन. कुणाला टाटा हॉस्पिटलमध्ये रिपोर्ट दाखवायचे असतात, कुणाची हायकोर्टात तारीख असते, कुणाची फाइल मंत्रालयात अडकलेली असते, कुणाची बीकेसीत व्हिसाची मुलाखत असते. त्याने वेळ निवडलेली नसते, ती त्याच्यावर आलेली असते. तेव्हा "चुकीच्या वेळी आलात" हे त्याला ऐकवण्यात काही शहाणपण नाही. काम आटोपल्यावर त्याच्या हाती एखादी दुपार उरते, फार तर दुसऱ्या दिवसाची सकाळ. पुढच्या वेळी येईल तेव्हा नीट दाखवू म्हणावं, तर पुढची वेळ कधी येईल याचा भरवसा नाही. अशा माणसाला आपण सरकता जिना दाखवायला नेतो.

मॉलवाल्यांची बाजू खोटी आहे असं मी म्हणत नाही. तिथे कोरडं असतं, गाडी लावायला जागा असते, पोरं रडत नाहीत, खायची सोय होते आणि स्वच्छतागृह असतं. यातला शेवटचा मुद्दा मी खोडणारच नाही. मधुमेही काकांना घेऊन जो भर पावसात फोर्टात फिरलाय, त्याला तो खोडण्याची हिंमत होणार नाही. पण बाकीच्या सोयींचं काय? त्या नाशकात आहेत, नागपुरात आहेत, कोल्हापुरातही आहेत. तीच दुकानं, तेच बर्गर, तोच थंडगार वास. म्हणजे रात्रभर गाडीत अवघडून मुंबईत आलेल्या माणसाला आपण त्याच्याच गावच्या मॉलमध्ये परत नेऊन सोडतो, आणि वर आपल्याला वाटतं की पाहुणचार केला.

यावर उत्तर ठरलेलं असतं: "आमच्याकडे कुर्ल्याच्या मॉलमध्ये बर्फ आहे, तो नाही त्यांच्याकडे." असेल. अंगावर भाड्याचा कोट चढवून कृत्रिम बर्फात उभं राहायची ज्याला हौस आहे, त्याने जरूर जावं. पण कुर्ल्याचंच काही दाखवायचं असेल, तर कुर्ल्याचा दगड दाखवा. तो काळा घोड्याला, छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या भिंतींत आहे. कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून जॉर्ज विटेटने ही इमारत उभी केली. पायाभरणी 1905 ची. 1914 मध्ये इमारत पुरी झाली, पण तोवर महायुद्ध पेटलं आणि संग्रहालयाऐवजी तिथे लष्करी इस्पितळ आलं. लोकांसाठी दारं उघडली ती 1922 मध्ये. आत शिरून मधल्या दालनात वर बघा: नाशिकच्या एका वाड्यातून आणलेली लाकडी कमानींची महिरप विटेटने तिथे जशीच्या तशी बसवली आहे. डोक्यावर विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट, खाली नाशिकचं सुतारकाम, भोवती मुंबईचा दगड. नाशिकहून आलेल्या पाहुण्याला हे दाखवून बघा, चेहऱ्यावरूनच कळेल. पावसाच्या दिवशी तर आणखी एक गोष्ट होते. एरवी त्या दालनात लोक पाच मिनिटं थांबून पुढे सटकतात. बाहेर धो धो लागला की कुणाला घाई राहत नाही.

"पण म्युझियम म्हणजे कंटाळा हो." हा आक्षेप सगळ्यात जुना, आणि त्याला कारण संग्रहालयांपेक्षा आपण जास्त आहोत. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून आपण पाहुण्याला पहिल्या दालनापासून शेवटच्या दालनापर्यंत हाकलत नेतो. मीरपूरखासचे मातीचे बुद्ध, अकबराचं चिलखत, पेंढा भरलेले पक्षी, चिनी मातीची भांडी, सगळं एका दमात. कुणाचंही डोकं दुखेल. त्यापेक्षा भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात चला. लहान आहे. आणि टाटा, केईएम किंवा जेजेत काम असलेल्या माणसाला जवळ पडतं, हेही महत्त्वाचं.

1872 मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही इमारत पूर्वी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने ओळखली जायची. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक, शिवाय जुने शिलालेख वाचणारे. जगन्नाथ शंकरशेटांबरोबर ते या संग्रहालयासाठी झटले, आणि 1975 मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं. आतले ओतीव लोखंडी खांब, सोनेरी मुलामा, पायाखालच्या नक्षीच्या फरशा पाहून पाहुणा आधी गप्प होतो. मग तो काचेच्या कपाटांकडे वळतो आणि बोलायला लागतो. कारण त्या कपाटांत वीतभर उंचीची मातीची माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतले वेगवेगळ्या जातीजमातींचे, धंद्यांचे लोक. कुणाची पगडी कशी बांधलेली, कुणाच्या लुगड्याचा काठ कसा, कुठलं हत्यार कुठल्या हातात. पारशांच्या दोखम्याचीही प्रतिकृती आहे. खराखुरा दोखमा कुणाला बघायला मिळत नाही. इथे तो वरून, आतून बघता येतो. बाहेर बागेत दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून एलिफंटा नाव पडलं, तोच हा. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. जुलैत समुद्र खवळला की घारापुरीच्या लाँचचा भरवसा नसतो. घारापुरीचा हत्ती मात्र भायखळ्यात पावसात भिजत उभाच असतो, आणि व्हरांड्यात कोरडं राहून बघता येतो.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. हे मॉलला नाकं मुरडतात आणि म्हणतात, "पावसात कसलं घरात बसायचं? मरीन ड्राइव्हला न्या, भिजू द्या." चाळिशीच्या आतल्या, धडधाकट आणि उद्या रजेवर असलेल्या माणसाने खुशाल भिजावं. पण ज्याची दुपारी डॉक्टरची वेळ आहे, ज्याच्या पिशवीत एक्स-रे आहेत, त्याला भिजायला लावणं ही रसिकता झाली का? त्यातही भरती साडेचार मीटरच्या वर असेल, तर कठड्याजवळ जायचंच नाही. महापालिका पावसाळ्याआधी अशा दिवसांची यादी काढते ती काही वाचनाची आवड वाढावी म्हणून नव्हे.

हिंडायचंच असेल तर छपराखालून हिंडता येतं, आणि ती सोय मॉलच्या शंभर वर्षं आधीची आहे. सीएसएमटीकडून हुतात्मा चौकाकडे दादाभाई नौरोजी रोडने निघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पालिकेने नियमच केला होता की या रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी सोडायची. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या थाटाच्या, तरी कमानी एकीतून दुसरीत जातात. मधल्या गल्ल्या ओलांडताना तेवढी छत्री उघडायची. फेरीवाले, जुनी पुस्तकं, चष्म्याच्या फ्रेमा, मोबाइलची कव्हरं, मधूनच एखादा झोपलेला कुत्रा, असं सगळं बाजूला सरकवत चालावं लागतं, ते कबूल. त्याला मुंबई म्हणतात.

आणि पावसात छपराखाली थांबायची ही कल्पना मुळात इंग्रजांचीही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. त्यासाठी डोंगर कोरून केलेली ही घरं आहेत: बसायला दगडी ओटा, झोपायला खोली, दाराशी पाण्याचं टाकं. कातळात खोदलेल्या पन्हळींतून पाणी कसं उतरतं आणि टाक्यात कसं पडतं, हे समजून घ्यायचं तर पावसातच जायला हवं. जानेवारीत गेलेल्याला पायऱ्या आणि भोकं दिसतात. जुलैत गेलेल्याला ती यंत्रणा चालू दिसते. पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून म्हाताऱ्यांना नेऊ नका. पण तरण्या पाहुण्याला तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात उभं करा आणि विचारा, मुंबई कधी वसली? तो सात बेटं आणि पोर्तुगीज सांगेल. त्याला बोलू द्या.

संध्याकाळ उरलीच तर नाटक. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, जे जवळ असेल ते. वर्तमानपत्रात जाहिरात बघायची आणि निघायचं. गावाकडे जे नाटक दौऱ्यावर आलं तर येतं, ते इथे दर आठवड्याला असतं. पावसाने प्रेक्षक घटतो, त्यामुळे तिकीट मिळण्याची शक्यता वाढते. मध्यंतरात गरम बटाटेवडा खाताना कुणाला फूड कोर्ट आठवलं असेल, तर मला दाखवा.

एक आक्षेप राहतो, आणि तो खरा आहे: पोचायचं कसं? रेड अलर्ट असेल तर कुठेच जाऊ नका, मॉललाही नाही. एरवीच्या पावसात एकाच लाइनीवर राहा. जी लोकल तुम्हाला कामाला घेऊन आली, तिच्याच आसपास बघा. भुयारी मेट्रोचा भरवसा देतात, तोही डोळे मिटून धरू नका. 26 मे 2025 ला पाऊस आला तो थेट आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी घेऊन उतरला होता.

तरीही मॉल जिंकतो, हे मला मान्य आहे, आणि त्याचं श्रेय बर्फाला नाही. संध्याकाळी सहाला संग्रहालयाचा पहारेकरी दिवे मालवत मागे लागतो तेव्हा मॉलमध्ये कुठे गर्दी सुरू होत असते. सोमवारी काळा घोड्याजवळची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टही बंद, राष्ट्रीय उद्यानही बंद. भाऊ दाजी बुधवारी बंद. पाहुणा काही वार बघून आजारी पडत नाही. म्हणून मागणी सरळ आहे: जून ते सप्टेंबर ही दारं रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा, सगळ्यांनी मिळून सोमवार धरू नका, आणि दाराशी ओल्या छत्र्या ठेवायला जागा व आत एक चालू स्थितीतलं स्वच्छतागृह द्या. एवढं झालं की काकांना मी स्वतः घेऊन येतो.