उद्योजकतेचा पाठ आणि बाजारातील जात

‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा’ हे वाक्य आता शाळेच्या प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही व्यवसायशिक्षणावर भर दिला असून, सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे अशी सूचना केली आहे. हाताला काम शिकवण्यास विरोध असण्याचे कारण नाही. परंतु आपली मुले उद्योगात मागे आहेत ती धाडस आणि कौशल्य यांच्या अभावी, हे या उपदेशामागचे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे.

लक्ष्मी अय्यर या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने तरुण खन्ना व आशुतोष वार्ष्णेय यांच्यासह ते तपासले. १९९०, १९९८ आणि २००५ या तीन आर्थिक गणनांवर आधारलेला त्यांचा निबंध २०१३ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. लोकसंख्येत सोळा टक्क्यांहून अधिक असलेल्या अनुसूचित जातींकडे २००५ मध्ये ९.८ टक्केच उद्योगांची मालकी होती आणि त्या उद्योगांनी दिलेल्या रोजगाराचा वाटा त्याहूनही कमी होता. ही तफावत सर्वच राज्यांत आढळली; पंधरा वर्षांत ती अगदी थोडी घटली. आणि शिक्षण व भांडवल यांतील ढोबळ फरकाने तिचा उलगडा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शिक्षकाने हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. शिक्षण व्यर्थ आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. मुलाला शिकवून बाजारात पाठवले की शाळेचे व शासनाचे कर्तव्य संपले, असे मात्र यापुढे म्हणता येणार नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला याचे आश्चर्य वाटू नये. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजारातील गुंतवणुकीविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या त्या तरुणाला उद्योजकतेचा कोणता पाठ शिकवायचा राहिला होता?

उलट बाजूही पाहू. कैवन मुन्शी यांनी मुंबईच्या हिरेव्यापाराचा अभ्यास केला आहे. शेतीतून हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कामात आलेले काठियावाडी पुढे स्वतः निर्यातदार झाले, ते जातभाईंच्या आधारावर. या धंद्यात माल विश्वासावर उधार मिळतो, आणि तो विश्वास नात्यागोत्यातून येतो. आपल्या वसतिगृहातील मुलाला उधारीवर माल देणारा मामा बाजारात बसलेला नसतो.

स्थानिक कारागिरीबद्दलही सावध राहावे लागेल. आपल्या गावात कारागिरी जातीने वाटली गेली आहे. १९५३ मध्ये मद्रास प्रांतात राजाजींनी निम्मा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. प्रखर विरोधामुळे ती पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली. बाबासाहेबांची दिशा अगदी वेगळी होती. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची, त्यासाठी शिष्यवृत्त्यांची आणि परदेशी शिक्षणाची मागणी केली होती. म्हणून उद्योजकतेचे तास जरूर ठेवावेत, पण ते गणित-विज्ञानाच्या तासांतून कापून नव्हे. त्या तासांना जमाखर्च, बँकेचे व्यवहार, कर्जाचा अर्ज आणि निविदा कशी भरावी हे शिकवावे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के माल व सेवा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाच्या असतात. दहावीच्या मुलाला हे ठाऊक असावे, इतकी अपेक्षा मोठी नाही.

उरलेले काम माजी विद्यार्थ्यांचे आहे. तुमच्यापैकी कुणाचे वर्कशॉप आहे, कुणी ठेकेदार आहे, कुणी बँकेत कर्जविभागात आहे. शाळेला देणगी द्याच. पण त्याबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीत एका विद्यार्थ्याला महिनाभर आपल्याजवळ बसवून घ्या. पुरवठादाराशी भाव कसा ठरतो, थकलेली उधारी कशी वसूल होते, हे त्याला पाहू द्या. पुढे त्याने स्वतःचे काम काढले, तर त्याची पहिली ऑर्डर तुमच्याकडून जावी आणि बँकेत जामीनदार म्हणून तुमची सही असावी.