मावळच्या गुलाबाचं गणित रात्री बिघडतं

तळेगाव दाभाडे : व्हॅलेंटाइन डे १४ फेब्रुवारीला असला, तरी मावळातल्या गुलाब उत्पादकाची परीक्षा जानेवारीतच होते. परदेशात जाणारा माल साधारण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निघाला पाहिजे. रात्री गारठा वाढला की कळी मागे पडते, आणि आठ दिवस उशिरा आलेला तोच गुलाब लोकल मार्केटला मिळेल त्या भावात द्यावा लागतो.

पॉलिहाऊस आहे म्हणजे आत ऊब असणारच, असा समज आहे. तो दिवसापुरता खरा. दहा गुंठ्यांचं शेड म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. दुपारी दर चौरस मीटरला ६५० वॅट ऊन धरलं आणि पेपरमधून त्यातलं ७० टक्के आत आलं, तरी साडेचारशे किलोवॅट होतात. घरातले दीडशे गिझर एकदम लावल्यासारखंच! म्हणून तर दुपारी कर्टन उघडावे लागतात.

रात्रीचा हिशेब उलटा. छत आणि बाजू मिळून पेपर भरतो अंदाजे १६०० चौरस मीटर. एकेरी पेपरच्या दर चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असला की सुमारे ६ वॅट उष्णता निघून जाते. बाहेर ९ अंश असताना आत १४ टिकवायचे तर ४८ किलोवॅट लागतील. दिवसा तापलेली जमीन रात्री परत देते ती जेमतेम ३० ते ४०. म्हणजे फरक तीन-चार अंशांवरच अडतो. दहा किलोवॅटची तूट हीटरने भरायची म्हटली, तर दहा तासांत १०० युनिट, तेही एका शेडला, रोज. परवडणार कुणाला?

त्यात आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, तर साधा पॉलिथिन पेपर जमिनीतून निघणारी ऊब अडवतच नाही. अशा रात्री आतलं तापमान बाहेरच्यापेक्षाही खाली जाऊ शकतं. उष्णता अडवणारा थर्मिक पेपर महाग वाटतो, पण पेपर बदलायची वेळ आलीच असेल तर त्याचा विचार करायला हरकत नाही.

बिनखर्चाचा उपाय म्हणजे ऊन उतरायच्या आधीच कर्टन खाली सोडणं. अंधार पडल्यावर सोडले, तर ऊब आधीच गेलेली असते. मात्र बंद शेडमध्ये दमटपणा कोंडतो आणि डाऊनी लगेच डोकं वर काढते. त्यामुळे सकाळी ऊन अंगावर आलं की कर्टन थोडे उघडून ती हवा बाहेर काढावी लागते. त्यात थोडी ऊब जाते, ती जाऊ द्यायची.