शिखर, शिकवणी आणि माघारी फिरण्याचे शहाणपण

मुंबईच्या नेव्ही चिल्ड्रन स्कूलमध्ये बारावीत शिकत असताना काम्या कार्तिकेयनने २४ डिसेंबर २०२४ रोजी अंटार्क्टिकातील व्हिन्सन शिखर गाठले आणि सातही खंडांतील सर्वोच्च शिखरांची मोहीम वयाच्या सतराव्या वर्षी पूर्ण केली. त्याच वर्षी २० मे रोजी ती नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचली होती. दोन्ही वेळी तिच्यासोबत तिचे वडील, नौदलातील अधिकारी कमांडर एस. कार्तिकेयन होते. वृत्तपत्रांत मथळा अर्थातच विक्रमाला मिळाला, वडिलांच्या वाट्याला एखादी ओळ आली. मात्र लातूर-नांदेडच्या पालकांनी थांबून विचार करावा, तो त्या एका ओळीपाशी.

बारावी म्हणजे काय, हे या दोन शहरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मिळविलेल्या यशातून ‘लातूर पॅटर्न’ हे नाव रूढ झाले. पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षांनी शिकवणी वर्ग, वसतिगृहे आणि मेस यांचे एक अर्थकारणच उभे केले. नांदेडही त्याच वाटेने गेले. मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातील अनेक कुटुंबांना या वाटेने डॉक्टर दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण याच वाटेवर आई-वडील आणि मुलांमधील संभाषण आटत गेले, हेही तितकेच खरे. फी, टेस्टमधील गुण, खोलीचे भाडे आणि रविवारचा डबा याभोवतीच ते फिरते. बाप खर्च करणारा आणि मूल ७२० गुणांपैकी किती, याचा हिशेब देणारे, अशी ही वाटणी झाली आहे.

डोंगरात ही वाटणी टिकत नाही. पाठीवरची पिशवी दोघांनाही सारखीच जड होते. बाटलीतले पाणी किती पुरेल, हे दोघांनी मिळून ठरवावे लागते. पायवाट फुटली की वडिलांनाही ‘मला माहीत नाही’ असे म्हणावे लागते. घरात सहसा न उच्चारले जाणारे हे वाक्य मुलाच्या कानावर पडणे, हेच एक शिक्षण आहे. त्याहून मोठा धडा माघारीचा. एव्हरेस्टवर अमुक वेळेपर्यंत शिखर आले नाही तर परत फिरायचे, ही वेळ अनुभवी गिर्यारोहक आधीच ठरवून निघतात. हवामान बिघडले तर शिखर समोर दिसत असतानाही फिरावे लागते आणि त्याला कोणी पराभव म्हणत नाही. शिकवणीच्या जगात मात्र माघारीला प्रतिष्ठा नाही. तेथे ‘रिपीटर’ची बॅच असते, पण ही वाट आपली नव्हे, असे ठरविणाऱ्या मुलासाठी जागा नसते. निकालानंतर टोकाचे पाऊल उचलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बातम्या वाचून हळहळणाऱ्या समाजाने, परत फिरता येते हे आपण मुलांना कधी शिकविले, असा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

त्यासाठी हिमालय गाठण्याची आवश्यकता नाही. नांदेड जिल्ह्यातच किनवट-माहूरचा डोंगराळ, सागवानाचा मुलूख आहे. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत पसरलेले पैनगंगा अभयारण्य आहे. माहूरला रेणुका, दत्त आणि अनसूया यांच्या शिखरांभोवती श्रावणी पौर्णिमेला निघणाऱ्या परिक्रमेत आई-बापांचे बोट धरून मुले पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. लातूरकरांना बालाघाटाची रांग जवळ आहे. ज्या मांजरेच्या खोऱ्यात लातूर वसले, ती बीड जिल्ह्यातील याच रांगेत उगम पावते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरातील मुलाने आपल्या नदीचा उगम पायी जाऊन पाहावा, याहून चांगला भूगोलाचा तास कोणता?

उत्साहाला भानही हवे. साहसी उपक्रमांतील अपघातांनंतर राज्य शासनाने २०१४ आणि २०१८ मध्ये सुरक्षेचे नियम केले आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. मात्र या चौकटीचा रोख आयोजक संस्थांवर आहे. स्वतःच्या मुलाला घेऊन निघालेल्या बापाची जबाबदारी त्याच्यापाशीच राहते. सह्याद्रीत लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी बचाव पथके उभी राहिली आहेत. किनवटच्या रानात पहिली मदत येईल ती जवळच्या गावातून. म्हणून वन विभागाची परवानगी, स्थानिक वाटाड्या, पुरेसे पाणी आणि अंधारापूर्वी परतणे यांना पर्याय नाही. मुलाची उमेद आणि बापाची हौस यांतील फरकही ओळखायला हवा. एव्हरेस्टसाठी नेपाळने किमान १६ वर्षांची अट घातली आहे, ती उगीच नव्हे.

हे सारे खात्यापित्या घरांचे चोचले आहेत, असा आक्षेप येईल. पण नांदेडला लागून असलेल्या, आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्याची पूर्णा मालावत २५ मे २०१४ रोजी वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचली, ती शेतमजुराची मुलगी होती. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या ‘मिशन शौर्य’ उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. त्यांच्या पाठीशी शासन उभे राहिले. ज्यांना शासनाच्या पाठबळाची गरज नाही, त्या शहरी पालकांकडे कमी आहे तो केवळ वेळ.

वर्षभराच्या वेळापत्रकातून दोन दिवस काढल्याने कोणाचे गुण घटणार नाहीत. घटले तरी, निकालाच्या दिवशी दार लावून बसण्याऐवजी ‘बाबा, आता परत फिरू या का?’ असे विचारण्याइतका विश्वास मुलाच्या मनात उरला, तर तो व्यवहार तोट्याचा म्हणता येणार नाही.