फूल खुडण्यापूर्वी

आपण खातो त्या फुलांची नावे सांगा म्हटले, तर तुमच्यापैकी किती जण पाचापर्यंत पोहोचतील? हादगा, शेवगा, केळफूल आणि लाल भोपळ्याचे फूल ही झाली चार. पाचवे मसाल्याच्या डब्यात आहे. लवंग म्हणजे न उमललेली, वाळवलेली कळीच!

यांपैकी एखादे तरी झाड प्रत्येक शाळेच्या बागेत आणि जमेल त्या घराच्या परसात असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. तरीही हा आग्रह धरतो, कारण खाण्याचे फूल आपल्याला एका खऱ्या प्रश्नापुढे उभे करते. फूल खुडले तर फळ जाईल का?

भोपळ्याचा वेल घ्या. त्यावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. नरफुलाचा देठ लांब व बारीक असतो. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा दिसतो. नरफुले आधी येतात आणि संख्येनेही जास्त असतात, म्हणून भाजीसाठी तीच खुडावीत. पण सगळीच खुडली तर? भोपळ्याचे पराग जड व चिकट असल्याने ते वाऱ्याने उडत नाहीत. मधमाश्यांनी न्यायला पराग उरलेच नाहीत, तर इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो.

आता केळ पाहा. घडाच्या सगळ्या फण्या सुटल्यावर खाली लोंबणारे केळफूल कापले, तरी केळी पोसतातच. केळफुलाच्या टोकाकडे नरफुले असतात हे खरे. पण आपल्या खाण्याच्या केळ्याला परागीभवनाची गरजच नसते. म्हणून तर त्यात बी नसते. शेवग्याची तऱ्हा तिसरीच. त्याच्या प्रत्येक फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. तेव्हा खुडलेले प्रत्येक फूल म्हणजे एक संभाव्य शेंग गेली. खुडण्याची कृती एकच, परिणाम मात्र तीन तऱ्हेचे!

हे वाचून पाठ करता येईल, पण पडताळून पाहणे अधिक चांगले. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या दोन मादीकळ्यांना संध्याकाळी पातळ कापडाच्या पिशव्या बांधा. दोन नरकळ्याही अशाच झाकून ठेवा. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणून सकाळी लवकर उठायला हवे! एका मादीफुलाच्या मधल्या भागाला नरफुलातील पराग लावा, दुसऱ्याला लावू नका. दोन्ही पिशव्या पुन्हा बांधून आठवडाभराने पाहा. मात्र एका जोडीवरून निष्कर्ष काढू नका. पराग लावलेली फळेही कधीकधी गळतात. चार-पाच जोड्या तरी घ्या आणि जे दिसेल ते, अपेक्षेविरुद्ध असले तरी, वहीत लिहा.

एक इशारा द्यायलाच हवा. काही फुले खाता येतात, याचा अर्थ सगळी खाता येतात असा नव्हे. पिवळी कण्हेर, धोत्रा, कळलावी ही झाडे विषारी आहेत; पिवळ्या कण्हेरीचे विष तर हृदयावर परिणाम करते. फूल सुंदर आहे किंवा त्यावर मधमाशी बसते, हा काही पुरावा नव्हे. जाणत्या माणसाने ओळख पटवल्याशिवाय कोणतेही फूल तोंडात घालू नका. हार-पुष्पगुच्छांसाठी विकत आणलेली फुलेही खाऊ नका. त्यांवर कीटकनाशक फवारलेले असू शकते.

शिक्षक मित्र म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करताना यासाठी वेळ कुठून आणायचा? वास्तविक फुलाचे भाग आपण शिकवतोच. फळ्यावरच्या आकृतीऐवजी वेलापाशी शिकवू. बी स्वयंपाकघरातल्या भोपळ्यातून फुकट मिळते. जूनमध्ये शाळा सुरू होताच ते पेरले, तर साधारण दीड-दोन महिन्यांत फुले येऊ लागतात. अंगण नसेल, तर गच्चीवर एक मोठे पिंप, खाली पाणी जायला भोके, खतमाती आणि भरपूर ऊन एवढे पुरते.

तेव्हा येत्या पावसाळ्यात एक वेल लावाच. आठवडाभर रोज सकाळी नरफुले किती आणि मादीफुले किती, ते मोजून लिहा. मग काही नरफुले मधमाश्यांसाठी राखून बाकीची भाजीसाठी खुडा.