अठ्ठेचाळीस भागिले किती?

आठवड्याला ४८ तास हा आकडा १९४६ पासून कारखान्यांच्या फाटकावर ठाण मांडून आहे. १९२२ च्या कायद्यात तो ६० होता, १९३४ च्या कायद्यात ५४. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना आलेल्या विधेयकाने तो ४८ वर आणला. त्याला उघडपणे हात लावण्याची हिंमत आजही कोणी करत नाही. प्रश्न आहे तो या ४८ ला कितीने भागायचे हा.

सहाने भागले की आठ येतात. १९४८ च्या कारखाने कायद्याचा सगळा डोलारा याच भागाकारावर उभा होता: दिवसाला कमाल नऊ तास काम, सलग पाच तासांहून अधिक नाही, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी आणि सुट्टी धरून साडेदहा तासांच्या आत सुटका. म्हणजे सकाळी सातला आत गेलेला कामगार साडेतीनला बाहेर. जिथे तीन पाळ्या एकमेकींना चिकटून चालतात, तिथे जेवणाचा अर्धा तास आठातूनच निघतो आणि प्रत्यक्ष काम आठवड्याला ४५ तास भरते. पाचाने भागले की रोजचे नऊ तास ३६ मिनिटे होतात आणि नवाची मर्यादा मोडते. चाराने भागले की थेट बारा.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये वाट मोकळी केली ती या बारांचीच. सोबत तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली. चार दिवस राबा, तीन दिवस घरी बसा, हे ऐकायला कोणालाही गोड वाटेल. पण पगाराची चिठ्ठी हातात घेऊन पाहावे. जुन्या कायद्यात नवव्या तासानंतरचे काम दुप्पट दराचे होते. बारा तासांच्या चार पाळ्यांत असे बारा तास भरतात आणि ४८ तासांच्या कामाला ६० तासांची मजुरी मिळते. ओव्हरटाइमची मोजणी बाराव्या तासानंतर सुरू केली, की तेवढ्याच कामाला ४८ तासांची मजुरी. घाम तेवढाच, कमाई एक पंचमांशाने कमी.

आता १४४ पाहू. जुन्या कायद्यात ओव्हरटाइम धरून आठवड्याची कमाल ६० तास होती. बारा तासांच्या पाच पाळ्या म्हणजे नेमके ६०, त्यांत ओव्हरटाइम बारा तास. तिमाहीत तेरा आठवडे असतात आणि बारा गुणिले बारा १४४. म्हणजे तेरापैकी बारा आठवडे कामगाराला पाच दिवस बारा तास उभे करता येईल आणि मर्यादाही मोडणार नाही. चार दिवसांच्या आठवड्याची जाहिरात करताना हा गुणाकार मांडलेला आम्ही तरी पाहिला नाही.

मागणी एकदम येते, माल वेळेत द्यावा लागतो, ही उद्योजकांची अडचण खोटी नाही. भिवंडीच्या यंत्रमागांवर तर बारा तासांची पाळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण चालत आलेल्या उल्लंघनाला कायद्याचा शिक्का देणे ही सुधारणा नव्हे. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगितले जाते. कंत्राटदाराच्या माणसापुढे ‘मी सही करत नाही’ म्हणणारा कंत्राटी कामगार दुसऱ्या दिवशी फाटकाच्या कोणत्या बाजूला असेल, हे औद्योगिक वसाहतीतला चहावालाही सांगेल. त्यात जाण्यायेण्याचे तीन तास धरा. बाराचे पंधरा होतात, आणि उरलेल्या नवांत झोप, जेवण नि मुले.

केंद्राची नवी कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या पंचविसाव्या कलमात दिवसाला आठच तास लिहिले आहेत. पाळी किती ताणायची, हे सरकारी नियमांवर सोडले आहे. म्हणून सरकारने नियमांतच तीन गोष्टी निःसंदिग्ध लिहाव्यात. ओव्हरटाइम कितव्या तासापासून मोजायचा? बारा तासांत जेवणाची सुट्टी धरलेली आहे की नाही? आणि बाराची पाळी लावली, तर त्या आठवड्यात पाचवा दिवस लावता येईल का? उत्तरे पाळीच्या वेळांसह प्रत्येक फाटकावर मराठीत लावावीत. तोवर कोणत्याही कामगाराकडून संमतीची सही घेऊ नये.